उजेड पायाशी

थिएटरात तिला सगळे बॅटरीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. चोवीस वर्षं तिनं एकच काम केलं. दारात तिकीट फाडायचं, अर्धा तुकडा परत द्यायचा, आणि खेळ सुरू झाल्यावर कुणी आलं तर बॅटरीच्या उजेडात त्याला खुर्चीपर्यंत न्यायचं. ज्या म्हाताऱ्या डोअरकीपरनं तिला हे शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "बाई, उजेड पायाशी. तोंडावर कधीच नाही. अंधारात कोण कुणाशेजारी बसलंय, हसतंय का रडतंय, ते आपण बघायचं नाही. दिसलंच, तर घरी न्यायचं नाही."

तिनं ते पाळलं. त्यामुळे झालं असं, की माणसं तिला पायांवरून ओळखू यायला लागली. टाच घासत चालणारा न्हावी. डाव्याच पायाची चप्पल आधी तुटणारी शिंपीण. नवे बूट चावतात म्हणून लंगडणारा आणि बायकोला कळू न देणारा नवरा. बाजारात कुणी भेटलं तरी ती आधी खाली बघे, मग वर.

लेक चिडवायची, "आई, उद्या देव समोर आला तरी तू आधी त्याचे पाय बघशील."

"देवाचे पायच बघायचे असतात गं," ती म्हणे.

मग तो पिक्चर लागला.

पोस्टरवर एक पांढराफटक पोरगा, ओठ तेवढे लालचुटुक, आणि त्याच्याजवळ मान तिरकी करून उभी एक शाळकरी पोरगी. गोष्ट अशी, की पोरगा आहे दोनशे वर्षांचा आणि दिसतो सतराचा. माणसांच्या रक्तावर जगतो. या पोरीवर त्याचा जीव जडलाय म्हणून तिला तो चावत नाही, आणि न चावण्यातच अडीच तास जातात. दिवसा बाहेर पडत नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही.

"न बोलावता घरात न शिरणारा पुरुष म्हणजे सोनंच की," मावशी मॅनेजरला म्हणाली.

मॅनेजर हसला नाही. त्याच्या टेबलावर पालकांच्या तक्रारींचा ढीग पडला होता.

पोरींनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. आठवीच्या, नववीच्या, दहावीच्या, दप्तरासकट यायच्या. एकीनं सात वेळा बघितला, तर दुसरीनं आठ वेळा, पहिलीवर ताण म्हणून. एका जागी तो पोरगा तिचा हात धरता धरता मागं घेतो. तिथं सगळ्या हॉलमधून एकदम असा उसासा निघायचा, की वाटावं छतच खाली बसलं. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं खिदळली की पुढून एखादी चप्पल भिरभिरत जायची. खेळ सुटल्यावर ती चप्पल धन्याकडे पोचवायचं काम मावशीचं.

आईबापांच्या तऱ्हा निराळ्याच. एक वकीलसाहेब नीट बघून, टिपून, मगच तक्रार करतो म्हणून वही घेऊन आले आणि इंटरव्हलच्या आत घोरायला लागले. एक आई लेकीला ओढून न्यायला आली. दारात उभ्या उभ्या दहा मिनिटं बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. जाताना मावशीला म्हणाली, "मुलींच्या मनावर वाईटच परिणाम होतो हो. आपल्याला ठीक आहे."

शेवटी मॅनेजरनं पाटी लावली. सोळाच्या आतल्यांनी पालकांबरोबर यावं. झालं. पोरी रांगेतल्या कुठल्याही बाईचा पदर धरायला लागल्या. "काकू, आम्ही तुमच्याबरोबर आहोत असं म्हणा ना." एका बाईला पोटी एक मूल नव्हतं, ती त्या दुपारी पाच पोरींची आई होऊन आत गेली. मावशीनं सहा तिकिटं फाडली आणि काही विचारलं नाही.

पण हे हसणं थिएटरपुरतं. घरी गेलं की तोंडाला कुलूप.

कारण पालकांच्या सभेत या पिक्चरविरुद्ध सगळ्यांत मोठ्यानं बोलून आली होती ती मावशीची स्वतःची लेक. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, सकाळपासून लोकांचं रक्त काढायची. सभेत उभी राहून म्हणाली, "दिवसभर मी लोकांच्या शिरा शोधते. त्यात प्रेमाचं काय आहे ते मला तरी दिसलं नाही." सगळे हसले. ती हसली नाही.

तिची पोरगी पंधरा वर्षांची. घरात तीनच बायका : आजी, आई, नात. जावई रात्रपाळीचा माणूस, बेकरीत. रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसभर झोपायचा. पुढं प्यायला लागला. तीन वर्षांपूर्वी लेकीनं त्याचं सामान दोन पिशव्यांत भरून दाराबाहेर ठेवलं आणि सांगितलं, पोरीलाही भेटायचं नाही. मावशी लेकीच्या बाजूनं उभी राहिली होती. दुसऱ्या पिशवीची गाठ तिनंच मारली होती.

आता ही नात जेवताना ताटात बोटं फिरवत बसे. वहीच्या मागच्या पानांवर त्या पांढऱ्या पोराचे डोळे काढी. एका सकाळी उकाड्यातही गळ्याला ओढणी गुंडाळून निघाली, तेव्हा आईनं ओढणी खेचली. मानेवर दोन लाल ठिपके.

लेकीचा हात उठला तो सरळ गालावरच बसला.

"शाई आहे," नात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

"शाई आहे ते मला दिसतंय. म्हणून मारलं. रक्त असतं तर पट्टी बांधली असती."

पोरगी दप्तर उचलून गेली. लेक मोरीच्या दारात बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, हिच्या मनात कुणीतरी भरलाय. पडद्यावरचा नाही, खरा. ही दर बुधवारी उशिरा येते. तुझ्याकडं आली तर मला सांगशील. कुणाबरोबर आली ते बघशील. शब्द दे."

चोवीस वर्षांत मावशीनं असा शब्द कुणाला दिला नव्हता. पोलिसालासुद्धा नाही. पण लेकीच्या हाताची पाची बोटं अजून लाल होती. ती म्हणाली, "बघते."

खालच्या दाराला तर नात कधी दिसली नव्हती. बाल्कनीच्या दाराला दुसरी बाई असायची. त्या बुधवारी दुपारच्या खेळाला ती बाई आली नाही, म्हणून मावशी वर गेली. पिक्चर सुरू झाला. पाचदहा मिनिटांनी दाराचा पडदा सरकला आणि दोघं आत आली. मावशीनं सवयीनं उजेड खाली टाकला.

कापडी शाळेचे बूट. डाव्याचा तळ उसवलेला, निळ्या दोऱ्यानं शिवलेला. पांढरा दोरा संपला होता म्हणून मावशीनंच निळा घातला होता, मागच्या महिन्यात.

शेजारी पुरुषाचे बूट. तपकिरी, मोठे. कॉलेजातल्या पोराचे नाहीत, चांगल्या बाप्या माणसाचे.

उजेड तिथंच थबकला. कापडी बूटही थबकले. पोरगी पंधराची आणि अंधारात शेजारी हा कोण घोडा. मावशीला लेकीचा चेहरा आठवला, दिलेला शब्द आठवला, आणि चोवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिच्या हातानं केलं. बॅटरी वर गेली. सरळ त्या माणसाच्या तोंडावर.

जावई होता.

खंगलेला, गोरामोरा, झोपेतून उठून आल्यासारखा. त्यानं तळहातानं डोळे झाकले. अख्खी बाल्कनी मागं वळली. कुणीतरी पोर ओरडलं, "अरे, हा बघा खरा आला." मग हशा उसळला, तो खालपर्यंत गेला. उजेडाचा काठ नातीवरही पडला होता. तिनं बापाकडं पाहिलं नाही, आजीकडं पाहिलं नाही, मान खाली घातली. जावई मागल्या पावली निघून गेला. नात त्याच्यामागं पळाली.

मावशी बॅटरी विझवून भिंतीला टेकली. ते बूट आता तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तपकिरी चामडं, आणि शिवणीशिवणीत पांढरं पीठ भरलेलं. पाय वाचत जन्म गेला, आणि ज्या दिवशी वाचायचे त्याच दिवशी तिनं वर बघितलं.

घरी लेक वाटच बघत होती. "आली होती?"

"आली होती."

"कुणाबरोबर?"

"पाटीवर लिहिलंय तसं," मावशी म्हणाली. "पालकांबरोबर."

लेकीला कळायला क्षण लागला. नात कोपऱ्यात बूट काढत होती. तिथूनच बोलली, कोरड्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत. "पालक पाहिजे होता. तू आली नसतीस. ज्याची झोपायची वेळ होती तो उठून आला. चार बुधवार आला. मी पिक्चर बघते, तो शेजारी झोपतो. बाकी काही नाही."

"पितो?"

"पावाचा वास येतो. दुसरा येत नाही." मग पहिल्यांदा तिनं आजीकडं बघितलं. "आजीनं त्याच्या तोंडावर बॅटरी मारली. सगळे हसले. आता तो येणार नाही."

लेक आईकडं वळली. मावशीला वाटलं, आता म्हणेल, बरं केलंस. पण लेकही त्याच बॅटरीच्या उजेडात वाढली होती. लहानपणी शाळा सुटली की थिएटरच्या पायरीवर बसून अभ्यास करायची.

"तोंडावर?" ती म्हणाली. "मी तुला बघायला सांगितलं होतं, आई. दाखवायला नाही."

त्या दिवसापासून नातीनं आजीशी बोलणं टाकलं. बूट पुन्हा उसवला, तरी तिच्यापुढं आणून टाकला नाही. तसाच फटफट वाजवत जायची.

आठ दिवस मावशीनं काढले. मग एका संध्याकाळी बेकरीच्या मागच्या दारानं आत गेली. जावई पीठ चाळत होता.

"या, आई. पोत्यावर नका बसू, पांढऱ्या व्हाल."

"माझं चुकलं," ती उभ्यानंच म्हणाली.

"तुमचं काय चुकलं. तुम्हाला वाटलं, भलताच कुणी असेल. भलताच असतो तर तुम्हीच बरोबर ठरला असता."

"बुटांवरून कळायला हवं होतं. शिवणीत पीठ होतं."

"ते जात नाही," तो थोडं हसला. चाळण बाजूला ठेवली. "चौदा महिने झाले, घेतली नाही. पण हे मी आधीही सांगायचो, त्यामुळे आता सांगत नाही. लोक हसले त्याचं काही नाही हो. पोरीनं मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली. ते बघायला परत कशाला येऊ?"

लाज कुणाची वाटली हे मावशीलाही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पिक्चर उतरतोय. बुधवारी दुपारचा शेवटचा. खालच्या दाराला मी आहे."

तो पुन्हा चाळायला लागला.

घरी तिनं काही लपवलं नाही. चौदा महिनेही सांगितले. लेक भांडी विसळत ऐकत होती. "मी त्याला बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "बोलावणारही नाही." भांडी झाली, हात पुसले. "पण दाराला तू असतेस. मी नसते."

बुधवारी लेक अर्धा दिवस रजा काढून आली, अंगाला स्पिरिटचा वास. बरोबर नात. मावशीनं दोन तिकिटं फाडली. कापडी बूट, फटफटणारे. लेकीच्या सँडल, अंगठ्यापाशी आयोडीनचा जुना डाग. दोघी मधल्या रांगेत बसल्या, आणि नातीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर दप्तर ठेवलं.

पडदा उजळला. मावशी दारात उभी. कुणी आलं की तिची नजर आधी खाली जायची. काळे बूट. लाल चपला. पांढरे बूट, भलत्याचेच. पडद्यावर पोरगा पोरीच्या दाराबाहेर ताटकळत उभा होता, आत ये म्हणेना कुणी. मधल्या रांगेतून उसासा आला, त्यात नातीचा कुठला ते ओळखू येईना.

मग दाराच्या पडद्याखाली तपकिरी चामडं दिसलं.

मावशीनं बॅटरी लावलीच नाही. बाजूला झाली. तो आत आला, पण पुढं गेला नाही. शेवटच्या रांगेमागं भिंतीशी उभा राहिला. तिनं खुर्चीकडं बोट केलं. त्यानं नको म्हणून मान हलवली. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, अशी, की मागं वळून कुणी बघितलं तरी एक म्हातारी बाईच दिसावी. लेक एकदाही वळली नाही. नातीचा हात दप्तरावर होता, तो तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

दिवे लागायच्या आधी तो गेला.

गर्दी बाहेर पडायला लागली. कुणी रडत, कुणी नाक ओढत, एक बाप घड्याळ बघत. लेक न थांबता पुढं गेली, पाठ ताठ. नात दारापाशी रेंगाळली. दप्तर छातीशी धरलेलं, नजर आजीच्या पायांवर. दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा बोलली.

"आला होता?"

म्हाताऱ्या डोअरकीपरचे शब्द मावशीच्या कानांत होते. अंधारात दिसलेलं घरी न्यायचं नाही.

"शेवटच्या रांगेमागं उभा होता," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

नातीनं विचारलं, "झोपला नाही?"

"उभ्यानं कसा झोपेल?"

पोरगी वाकली, डाव्या पायातला बूट काढला, आजीच्या हातात दिला, आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशी आईच्या मागं पायऱ्या उतरून गेली.