बोटीच्या तळाचं बिऱ्हाड

फेरीबोटींच्या दुरुस्तीच्या आवारात तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान असलेला मुकादमसुद्धा. सत्तावीस वर्षं तिचं काम एकच. बोट किनाऱ्यावर ओढून घेतली की तिच्या पोटाखाली शिरायचं आणि रुंद पात्याच्या खरवडणीने तळाला चिकटलेले बार्नेकल काढायचे. बोटाच्या पेराएवढे ते पांढरे सुळके मावशीच्या लेखी दगडच होते, आणि दगडाशी कसली दयामाया?

मग घरात सून आली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिने सासूकडूनच बार्नेकल बसलेली एक फळी मागवली आणि रविवारी सकाळी समुद्राच्या पाण्यात घालून ओट्यावर ठेवली. मावशी शेजारीच कांदा चिरत होती.

“आई, जरा इकडे बघा.”

एका सुळक्याचं झाकण उघडलं होतं. आतून पिसासारखा नाजूक पंजा बाहेर आला, पाण्यात फिरला, आत गेला. पुन्हा आला. मावशीची सुरी हातातच राहिली.

“हा जिवंत आहे?”

“कोळंबी-खेकड्यांच्या भावकीतला. पिल्लू असताना पोहतो, मग मिशांवर चालत जागा चाचपून बघतो. पसंत पडली की डोकं टेकवून चिकटतो, तो जन्मभराचा. भोवती घर बांधतो आणि पायांनी अन्न तोंडात ओढतो.”

“म्हणजे आयुष्यभर शीर्षासन घालून जेवण,” मावशी म्हणाली. “यांच्यात नवरा कुठला आणि बायको कुठली?”

“प्रत्येक जण दोन्ही.”

“मग भांडी कोण घासतं?”

दोघी इतक्या हसल्या की काय झालं ते विचारायला मुलगा आतून आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

मावशी विचारत गेली, सून सांगत गेली. एक गोष्ट मात्र मावशीच्या मनात रुतून बसली. आपल्यातलं कुणी आधी इथे राहून गेलंय का, हे पिल्लू पाहतं. जुन्यांची खूण सापडली की खुशाल बिऱ्हाड मांडतं. आणि ती खूण तर मावशीच मागे सोडत होती. सुळका उडाला तरी त्याच्या बुडाचा पांढरा गोल तळाला राहायचा. मुकादम त्याच्यावरच रंग मारायला लावायचा, आणि नेमका तिथलाच रंग पोपडे धरून निघायचा.

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला गाठलं. “गोलसुद्धा काढायला हवेत.”

“मावशी, बोटीला चार दिवस लागतात. गोल काढत बसलात तर आठवडा. कप्तान माझी सालटी काढेल.”

“मग अर्ध्याच बोटीचे काढते. डावी बाजू माझी, उजवी तुमची.”

“तुमची हौस,” म्हणत मुकादम निघून गेला.

डाव्या बाजूने तिचा घाम काढला. गोल जणू लोखंडातूनच उगवले होते. संध्याकाळी सून तिच्या सुजलेल्या मनगटाला तेल चोळायची. “चिकटावं तर यांनीच,” मावशी म्हणायची. “तुझ्या नवऱ्याला शिकव, एखाद्या नोकरीला तरी चिकटेल.”

आठ महिन्यांनी तीच बोट वर आली. उजवीकडे सुळक्यांची नुसती झुंबड होती, मुंगी शिरायला जागा नाही. डावीकडे चार-दोन तुरळक पुंजके. मुकादमाने बोटीला दोन फेऱ्या घातल्या. मग कामगारांकडे वळून म्हणाला, “यापुढे गोलही काढायचे. मावशी दाखवतील तसे.” आणि आवाज खाली आणून, “तुमची सून आणखी काय काय सांगते?”

“पुष्कळ सांगते. पण त्यासाठी वाकावं लागेल.”

मुकादमाने एकदा आपल्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं आणि गुडघे टेकून तो तिच्यामागे बोटीखाली शिरला.