ड्रायव्हरकाकांचा खर्ज

कॉलेजच्या चोवीस मुलांचा गायकवृंद दौऱ्यावर निघाला की बस ड्रायव्हरकाकांकडेच. चौदा वर्षं मुलं बसमध्ये तालीम करत आणि काका गाडी चालवता चालवता खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या पट्टीतली साथीची ओळ गुणगुणत. सभागृहात मात्र ते कधी गेले नव्हते.

यंदा निवृत्तीआधीच्या शेवटच्या दौऱ्यात खर्जात गाणाऱ्या मुलाचा घसा बसला. गायकवृंदाचे सर तडक बसपाशी आले.

"काका, त्याचा कोट चढवा, त्याच्या जागी तुम्ही गा."

"सर, थट्टा करताय गरिबाची?"

तरी ते मागच्या रांगेत उभे राहिले. आवाज जराही ढळला नाही.

कार्यक्रम संपताच त्यांनी बायकोला फोनवर आपली ओळ म्हणून दाखवली.

"अहो, हे कसलं गाणं?"

"अगं, बाकीचे तेवीस आवाज तू मनात धर!"