जाऊबाईंचं घर आणि माझी व्हॅन

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही वर्ध्याकडच्या खेड्यात. लग्न होऊन भोपाळला आले. इथे पाट्या सगळ्या हिंदीत, त्यामुळे लिहिताना हात मध्येच हिंदीकडे वळतो. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण घरात वही असली की कुणीतरी उघडतंच, म्हणून माफी. मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, तेव्हा जमतं.

लिहायचं आहे ते व्हॅनबद्दल आणि जाऊबाईंच्या घराबद्दल.

हे सरकारी ड्रायव्हर होते. टी. टी. नगरात आम्हाला क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरू. दोन ओळी सोडून जाऊबाईंचं क्वार्टर. माझे मोठे दीर लवकर गेले आणि त्यांच्या जागी जाऊबाईंना ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत केली. त्यांना मूलबाळ नाही. तोंड मात्र दहा माणसांचं.

मग त्या जागेवर नवं शहर उभारायचं म्हणून आमची क्वार्टरं पाडायची ठरली. हे निवृत्त झालेच होते. आम्ही कोटऱ्याकडे भाड्याच्या खोल्या घेतल्या आणि जाऊबाई आमच्याकडेच राहायला आल्या. बाहेरच्या पडवीत त्यांची खाट. फंडाचे पैसे हातात आले तसं त्यांनी होशंगाबाद रोडवर, मिसरोदच्या पुढे, एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर छोटंसं घर बुक केलं. अर्धे पैसे भरले. उरलेले ताबा घेताना द्यायचे होते.

त्याच सुमारास ह्यांच्या डोक्यात व्हॅन आली. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बायका मंडीदीपला कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जातात. दोनदा बस बदलायची, वर अर्धा रस्ता उभ्याने. घरासमोरून उचलून कारखान्याच्या फाटकाशी सोडणारी गाडी असेल तर त्या महिन्याचे पैसे बांधून द्यायला तयार होत्या. जुनी पण चांगली, पिवळ्या पाटीची व्हॅन विकायला होती. आमच्याकडे पैसे नव्हते.

जाऊबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं घर अजून खड्ड्यात आहे, पायासुद्धा भरला नाही. ते वर येईपर्यंत माझे पैसे बँकेत झोपून काय करणार? घ्या. तुमच्या चाकांवर फिरू देत."

हे म्हणाले, "वहिनी, विचार करा."

"केला. ताबा मिळेल त्या दिवशी मला पुरे पाहिजेत. नाही भरले तर ते घर दुसऱ्याला देतील आणि मी मरेपर्यंत हिच्या पडवीत पडून राहीन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुलाच जड जाईल गं."

व्हॅन आली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि चांगले सात-आठ महिने हे सकाळ-संध्याकाळ फेरी करत होते. मग एकदा कडेने आलेला सायकलवाला ह्यांना दिसलाच नाही. कुणाला लागलं नाही, पण डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं विझत चाललंय. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली.

पगारी ड्रायव्हर ठेवला. त्याचा पगार आणि गाडीचा गॅस काढला की जाऊबाईंना द्यायला जवळजवळ काहीच उरेना. एका रविवारी त्या बस पकडून मिसरोदला जाऊन आल्या आणि सांगितलं, "पाया भरला. खांब उभे राहिलेत."

त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मला शिकवा."

जाऊबाई पडवीतून ओरडल्या, "दुकानदाराला सुटे पैसे मागायला लाजते ती! ट्रकवाल्याला बाजूला काय डोळ्यांनी करशील?"

"तो आपोआप होईल," मी म्हटलं. कसं म्हटलं कुणास ठाऊक, पण मला खात्री वाटत होती.

आम्ही पहाटे टी. टी. नगरला जायचो. घरं पाडून झाली होती, नवीन काही उभं राहिलं नव्हतं. मधले रस्ते मात्र तसेच होते, आणि झाडं. एवढं मोकळं मैदान भोपाळात कुठे मिळणार! ह्यांना बाजूचं दिसत नव्हतं, पण ती गल्ली न गल्ली त्यांना पाठ होती. "आता मास्तरांच्या घरावरून डावीकडे," ते सांगायचे, आणि तिथे मास्तरांचं घर नसायचं, नुसतं गवत. "पिठाच्या गिरणीशी गिअर बदल. धोब्याच्या ओट्याशी ब्रेक." मलाही ते सगळं ठाऊक असल्यामुळे मी कधी चुकले नाही. आमच्या क्वार्टरपाशी आलं की दरवेळी म्हणायचे, "हळू कर, आपलं घर आलं." मी हळू करायची. पेरू उभा होता.

लायसन्ससाठी रस्त्यावरच्या चिन्हांची परीक्षा कॉम्प्युटरवर झाली, ती मी पहिल्याच वेळी पास झाले. गाडी चालवायच्या परीक्षेला गेले तेव्हा पुढचं सगळं झकास झालं. मग इन्स्पेक्टर म्हणाला, "अम्मा, अब दोनों खंबों के बीच से पीछे लो."

मी गिअर टाकला आणि डाव्या बाजूचा खांब आडवा केला. दुसऱ्यांदा उजव्या बाजूचा.

"आगे तो बढिया चलाती हो," तो म्हणाला. "पीछे किसी ने नहीं सिखाया?"

खरंच नव्हतं शिकवलं. घरी येताना मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "अगं, सुचलंच नाही. साहेबांच्या बंगल्याला दोन फाटकं. एकातून आत, पोर्चमध्ये थांबायचं, दुसऱ्यातून बाहेर. ऑफिसातही तसंच. आणि रस्त्यात समोरून कुणी आलं तर तोच मागे जायचा. गाडीवर लाल दिवा होता ना." उभ्या आयुष्यात त्यांना गाडी मागे घ्यायची पाळी फारशी आलीच नव्हती.

जाऊबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे भावजी, इतकी वर्षं तुम्ही नुसते पुढे पुढेच गेलात!"

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर मैदानावर आल्या. ह्यांनी आरसा, स्टिअरिंग, कुठलं चाक कुठे वळतं, सगळं समजावलं. मी मान मोडून मागे बघत होते आणि गाडी नागासारखी जात होती. जाऊबाईंनी थोडा वेळ पाहिलं, मग खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या माहेरी अंगण कोण सारवायचं?"

"मीच."

"सारवताना कुठल्या दिशेला सरकायचीस?"

"मागे."

"मागे बघत सरकायचीस?"

शेणाचा हात फिरवत आपण उकिडवं मागे मागे सरकत दाराशी येतो, ओल्यावर पाय पडू नये म्हणून. मागे कुणी बघत नाही. सारवून झालेल्याची कड धरायची आणि तिच्याशी सरळ राहायचं.

"मग इथे काय वेगळं आहे? त्या आरशात रस्त्याची कड दिसतेय ना? ती धर. हळू सरक. मी मागे उभी आहे, वाटेत आले तर ओरडेन."

कड धरली. गाडी मास्तरांच्या घरापासून गिरणीपर्यंत सरळ मागे गेली. हे खाली उतरून, मान पूर्ण वळवून बघत होते. मी आरशावरून नजर हलवली नाही. आरशात कड आणि तिच्या टोकाला पदर खोचून उभ्या जाऊबाई.

पुढच्या परीक्षेत खांब हलले नाहीत.

पहिल्या दिवशी फेरीच्या बायका मला स्टिअरिंगवर बघून दारातच थबकल्या. "भाभी, आप? भैया कहाँ हैं?" मी मान हलवून बसायची खूण केली. त्या बसल्या, आणि मंडीदीप येईपर्यंत कुणी गप्पा मारल्या नाहीत. उतरल्यावर मला ऐकू आलं, "चलाती तो ठीक है. बोलती नहीं है बस." संध्याकाळी परत येताना वस्तीच्या गल्लीत समोरून एक मोठी काळी गाडी आली. त्यातला माणूस काच खाली करून हात हलवत ओरडू लागला. मी काही न बोलता कड धरली आणि व्हॅन गल्लीच्या तोंडापर्यंत मागे नेली. काळी गाडी निघून गेली. मागे टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून गप्पा सुरू झाल्या.

मंडीदीपला जाणारा तो होशंगाबाद रोड मी रोज दोनदा पाहिला. मधोमध बसची वेगळी वाट होती, कठडे लावलेली. मग एक दिवस कठडे उखडले. शेतं होती तिथे कॉलनीच्या कमानी उभ्या राहिल्या, कमानीच्या आत अजून गहूच. ढाबे होते तिथे गाड्यांच्या शोरूम आल्या. लोक म्हणतात शहर बिघडलं. मला तसं म्हणता येत नाही. आमचं घर ह्याच वाढत्या शहराने पाडलं आणि माझी गाडीही ह्याच शहरामुळे भरते.

आणि त्या रस्त्यावर जाऊबाईंची इमारत. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की पडवीतून प्रश्न यायचा, "कुठवर आलं?" पैशांचं कधी विचारलं नाही त्यांनी. मी सांगायची, "दुसऱ्याच्या सळया बांधल्या." "तिसरा ओतला." दर महिन्याला जमेल तेवढी रक्कम त्यांच्या हातावर ठेवायची. वर्षभर इमारतीचे मजले आणि माझी फेड बरोबरीने चालली. मधे तर काम थांबलं होतं, तेव्हा मी पुढे निघून गेले. मग अचानक रात्रपाळी लावल्यासारखे मजले चढले, रंग सुरू झाला, आणि जाऊबाईंना फोन आला की दसऱ्याला ताबा.

हिशेब केला तर थोडं कमी पडत होतं. हे म्हणाले, "वहिनींना सांगू, बिल्डरकडून मुदत मागा."

"त्या मागणार नाहीत, आणि मीही त्यांना मागायला लावणार नाही," मी म्हटलं.

गॅस वाढला होता. बाकीच्या व्हॅनवाल्यांनी केव्हाच पैसे वाढवले होते. मी नव्हते वाढवले, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं. गाडी शिकण्यापेक्षा मला ते कठीण होतं. तीन दिवस तोंडाशी आलेलं वाक्य मंडीदीपच्या फाटकाशी गिळलं. चौथ्या दिवशी मिसरोदच्या पुढे, जाऊबाईंची इमारत दिसते तिथेच, मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"क्या हुआ भाभी? पंक्चर?"

मी वळले. "अगले महीने से पैसा बढाना पडेगा," म्हटलं. आवाज फुटला, पण पोचला. "और इतवार को भी गाडी चलाऊँगी. शादी-ब्याह, मंदिर, जहाँ जाना हो."

मागच्या सीटवरून एक जण म्हणाली, "बस इतना? हम तो डर गये, गाडी बेच रही हो!" हशा झाला. एकीने मात्र तोंड वाकडं केलं आणि पहिल्या तारखेपासून ती दुसऱ्या व्हॅनने जाऊ लागली. पंधरा दिवस ती सीट रिकामी गेली. मग तिच्याच गल्लीतली दुसरी आली.

रविवारच्या फेऱ्या लागल्या. आमच्या मराठी मंडळाच्या बायकांना गणपतीत दहा ठिकाणी फिरवलं, एका लग्नाचं वऱ्हाड स्टेशनवरून आणलं. भाडं किती, असं विचारलं की मी आता खाली बघत नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी जाऊबाईंचं सामान व्हॅनमध्ये भरलं. खाट वर टपावर, भांड्यांचं पोतं मागे, त्या पुढे माझ्या शेजारी. हे मागे पोत्याला टेकून. इमारतीकडे जाणारी वाट अजून कच्चीच होती, एका बाजूला वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला विटा, आणि आत वळायला जागा नाही. पहारेकरी म्हणाला, सामान रस्त्यावरच उतरवा. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी रस्त्यावरच वळवली, तोंड बाहेर केलं, विटांची कड धरली आणि मागे मागे सरकत थेट जिन्याशी नेऊन लावली.

बिल्डरचं ऑफिस खालीच होतं. उतरण्याआधी मी सीटखालून राहिलेल्या पैशांची पिशवी काढून जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोट ओलं करून मोजायला घेतलं.

"विश्वास नाही का वहिनी?" हे मागून म्हणाले.

"विश्वास आहे, म्हणून तर एकदाच मोजतेय." मोजून झालं, तशी त्यांनी पिशवीची गाठ बांधली. "पुरे आहेत. आजच्या सामानाचं भाडं यातून कापलं नाहीस तू."

"नाही," मी म्हटलं. "ते वेगळं घेईन."

जाऊबाई मोठ्यांदा हसल्या. कमरेच्या बटव्यातून त्यांनी भाड्याची नोट काढली, माझ्या हातावर ठेवली, आणि पिशवी छातीशी धरून खाली उतरल्या. "फिटलं गं सगळं," म्हणाल्या, आणि पैसे भरायला आत गेल्या.