यशूचं दूध तोडलं तेव्हा

फोन आला तेव्हा मी प्रज्ञावर चिडलेलीच होते. प्रज्ञा म्हणजे माझी धाकटी जाऊ. त्या दिवशी सकाळीच तिनं हॉस्पिटलमधून नवऱ्याबरोबर, म्हणजे माझ्या दिराबरोबर, मिलिंदबरोबर, निरोप धाडला होता की यशूला चहात बुडवून बिस्किट देऊ नका म्हणावं ताईंना. नाकात ऑक्सिजनची नळी, दोन शब्द बोलायला धाप लागतेय, आणि बाईसाहेबांना लेकीची काळजी कसली, तर बिस्किटाची! माझी सकाळची शाळा. घरी येऊन मी तणतणतच यशूला वरणभात भरवत होते, तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. तो नुसतं ‘वहिनी...’ म्हणाला आणि पुढं काही बोलेना. मला कळलं, पण माझा राग काही लगेच उतरला नाही. तो अजूनही उतरलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

प्रज्ञाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक उठून बोलले. कोणी म्हणालं, किती शांत मुलगी. कोणी म्हणालं, सोशीक. मी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले होते आणि मला वाटत होतं, उठावं आणि सांगावं, अहो, तुम्ही चुकून भलत्याच कार्यक्रमाला आलात. प्रज्ञा आणि शांत? प्रज्ञा आणि सोशीक? विश्रांतवाडीत आमचे दोन फ्लॅट समोरासमोर, मध्ये जेमतेम पाच पावलांचा पॅसेज. तो ओलांडून मी तिच्याशी जेवढी भांडले, तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नसेन. एखादी गोष्ट तिच्या मनानं घेतली की संपलं. आवाज मुळीच चढवायची नाही, हसून ‘हो ताई’ म्हणायची, आणि करायचं तेच करायची. लोकांना तो शांतपणा वाटायचा!

यशोधरा झाली आणि हा हट्ट पुरता बहरला. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाळगुटी नाही, मध नाही, उन्हाळ्याच्या दिवसांतसुद्धा पाण्याचा थेंब नाही. पाळण्यात घालायचं नाही, आईजवळ झोपवायचं. डायपर नाही, जुन्या सुती साड्यांचे लंगोट. पोर दिवसभर ओढणीनं पोटाशी बांधलेली. त्या अवतारात ही भाजी आणायला जायची. ‘नैसर्गिक पालकत्व आहे ताई हे,’ ती म्हणाली. सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या, तिथूनच म्हणाल्या, ‘मग आम्ही काय कारखान्यात वाढवली का गं पोरं?’ मला हसू आवरेना. प्रज्ञाही हसली. पण गुटीची सहाण काही तिनं यशूच्या आसपास फिरकू दिली नाही.

मला मात्र हे सगळं लागायचं, हे खोटं कशाला बोलू? माझी दोन्ही पोरं पावडरच्या दुधावर वाढली. रजा संपली, शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि दूध काढून ठेवता येतं हे मला कोणी सांगितलंही नव्हतं. मुलगे चांगले दांडगे आहेत, काही बिघडलं नाही त्यांचं. प्रज्ञा त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. ती हडपसरला कंपनीत जायला लागली, तर तिथं पंपानं दूध काढून बर्फाच्या डब्यातून घरी आणायची. आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेला जागा उरली नाही. धायरीला एका लग्नात यशू भुकेनं रडायला लागली, तेव्हा कार्यालयातले एक काका हिला भांडी ठेवायच्या खोलीकडं बोट दाखवून म्हणाले, तिकडं आडोशाला बसा. ही पुढच्या सोफ्यावर पदर घेऊन निवांत बसली आणि म्हणाली, ‘काका, आपलंही ताट तिकडंच वाढायला सांगू का?’ मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही... आणि घरी आल्यावर यांना तोच प्रसंग रंगवून सांगताना मलाच हसू फुटलं.

यशू दोन वर्षांची होऊन गेली तरी पीतच होती. ‘आता तोड की दूध,’ मी म्हणायचे. ‘सोडेल तिची ती, तयारी झाली की,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. त्याच सुमारास तिच्या छातीत गाठ लागली. ‘दुधाची गाठ आहे ताई, मागेही झाली होती. शेकते, यशूला त्या बाजूनं जास्त पाजते, की जाईल.’ मागे खरंच झाली होती आणि खरंच गेली होती. ही गेली नाही. मी म्हणायचे, दाखव. ती म्हणायची, हो दाखवते. मी डॉक्टरांची वेळ घेतली, ती तिनं बदलली. कोबीची पानं लावली, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, कसला कसला लेप झाला. शरीराचं सगळं आपल्याला कळतं, हा तिचा विश्वास! जगाला पालकत्वाची पुस्तकं वाचून दाखवणारी बाई स्वतःची गाठ दाखवायला महिनोन्‌महिने घालवते, याला काय म्हणायचं?

शेवटी हात धरून नेली तेव्हा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. पाजल्यामुळं हे झालेलं नाही, असं त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, केमो लगेच सुरू करायला हवी आणि त्याआधी मुलीचं दूध पूर्ण बंद करायला हवं, कारण औषध दुधात उतरतं. प्रज्ञानं काय विचारावं? ‘थोडं पुढं ढकललं तर चालेल का? तिची अजून तयारी नाही.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाईंनी जुना उपाय काढला. कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा, पोर तोंड लावते, थू थू करते आणि विषय संपतो. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असंच दूध तोडत आले. प्रज्ञा नाइलाजानं तयार झाली. आम्ही तिघी बघत बसलो. यशूनं तोंड लावलं, थांबली, आईकडं पाहिलं... आणि मिटक्या मारत चाटूनपुसून पाला साफ केला! त्या पोरीला साखर माहीतच नव्हती ना. सहाव्या महिन्यापासून ही तिला आपल्या ताटातलं सगळं देत आलेली, कारल्याच्या काचऱ्या तर तिच्या विशेष आवडीच्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. प्रज्ञा इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना.

मी यशूला आमच्याकडं उचलून आणलं. तिनं आमच्या दारावर डोकं आपटून घेतलं. समोरचं दार उघडलं आणि प्रज्ञा दुधानं ओल्या झालेल्या ब्लाऊजनिशी पॅसेजमध्ये उभी. ‘द्या ताई तिला. पुढच्या आठवड्यात सुरू करू औषध.’ मी ओरडले. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडले. ‘पोरीला दूध पाहिजे की आई पाहिजे, ते एकदा ठरव!’ ती मग खाली बसली आणि यशूला जवळ न घेता म्हणाली, ‘यशू, आईच्या दुधात आता औषध येणार. ते तुला बाधतं. म्हणून आईचं दूध संपलं.’ यशूनं ते नीट ऐकून घेतलं. मग वळून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘मग मोठीआईचं?’

‘अगं, इथं काही नाही!’ मी म्हणाले. यशू ऐकेल तर शपथ. माझ्या मांडीवर चढली आणि पदर ओढायला लागली. मी घामाघूम. माझ्या पोरांना कधी धड पाजलं नाही आणि या वयात हे काय! ‘घेऊ द्या ताई,’ प्रज्ञा म्हणाली, ‘दूध नसलं तरी चालतं तिला.’ मी तिथंच दाराशी भिंतीला टेकून बसले आणि तिला जवळ घेतलं. कोरडंच. पण पोर हुंदके देत देत शांत झाली आणि झोपली. प्रज्ञा बघत होती. त्या एकाच वेळी मी तिच्या चेहऱ्यावर माझा हेवा पाहिला. मला तो नको होता. मी मान खाली घातली. ती उठली, आत गेली, दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मिलिंदबरोबर हॉस्पिटलला गेली.

काही दिवसांत यशूनं तोंड लावणंही सोडलं. राहिली फक्त एक सवय. दुपारी झोपताना माझ्या ब्लाऊजच्या गळ्यातून आत हात घालायचा आणि तसाच ठेवायचा. प्रज्ञा दोन वर्षांहून जास्त झुंजली, मध्ये चांगली बरी झाली, पुन्हा खालावली, आणि या सगळ्या काळात तो हात माझ्या छातीवरच होता. उन्हाळ्यात जीव नको व्हायचा. मी प्रज्ञाला म्हणायचे, पाच वर्षांची घोडी झाली, काढ की हिची ही खोड. ती काय म्हणायची, ते आता वेगळं सांगायला नको.

परवा दुपारी यशू शाळेतून आली, जेवली, माझ्याशेजारी आडवी झाली. मी वाट बघत होते. हात आला नाही. मीच तिचा हात उचलून नेहमीच्या जागी ठेवला. ‘उकडतंय मोठीआई,’ ती म्हणाली, हात काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून झोपून गेली. मी ताडकन उठले. चपला पायांत सरकवल्या, दार उघडलं, पॅसेज ओलांडला आणि बेलवर बोट ठेवलं, तेव्हा मला कुलूप दिसलं. मिलिंद ऑफिसला गेला होता. आत कोणीच नव्हतं. मी तिथंच त्या बंद दाराला कपाळ टेकलं आणि म्हणाले, ‘सोडलं गं तिनं. तिचं तिनं सोडलं.’