लिंबावर अडलेला गाडा

पुण्याहून एसटीनं निघालो तेव्हा मांडीवर चार चाकं होती. नायलॉनची, पांढरीशुभ्र, बोटानं ढकललं तरी गरगर फिरणारी. गाड्यांची चाकं विकणं हा माझा धंदा, आणि आपल्या मालावर माझा जरा जास्तच जीव.

नगर मागं पडलं आणि हिरवा रंग संपला. उसाच्या रानांत नुसती ढेकळं. कडा या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात बायकांची दूध संस्था आहे. दुष्काळानं पिकं गेली, दूध तेवढं राहिलं. जड कॅन दोघी दोघींनी उचलून रस्त्यावर न्यायचे, आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. आदल्या आठवड्यात ती चुकली आणि सगळं दूध नासलं. म्हणून कॅनसाठी संस्थेनं नवा गाडा करून घेतला होता, चाकं तेवढी माझी.

अध्यक्ष गयाबाईंनी घट्ट चहा दिला. "पाणी न्हाई घातलं, दादा. पाण्यापरीस दूध सोपं हाय." मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

फोनवर त्यांनी संस्थेच्या नव्या फरशीचं इतकं कौतुक केलं होतं, की मी फरशीचीच चाकं निवडली. चाकं बसवली, खोलीत गाडा छान फिरला. बायका खूश, मी त्याहून खूश.

मग गाडा अंगणात आला. नवं वाहन म्हणजे चाकाखाली लिंबू चिरडायलाच हवं. भरलेले कॅन चढवले, हळदकुंकू वाहिलं, चाकांपुढं लिंबं ठेवली, गयाबाईंनी ढकललं. गाडा हलेना. आणखी दोघी लागल्या. कॅन कलंडायला आले, लिंबं जशीच्या तशी.

"लिंबावर अडतंय, ते दगडावरनं कसं जाईल ओ?" एकीनं विचारलं.

अंगण मी तेव्हा कुठं नीट पाहिलं. मुरूम, खडी, मधून गेलेली चारी (पाण्याचा चर). माझी इवलीशी चाकं तिथं जन्मात चढली नसती. लाज वाटली.

डेअरीची संध्याकाळची गाडी गाठायची होती. कोणाची तरी मोटारसायकल घेऊन कड्याचा बाजार गाठला. दुकानदारानं हात झाडले. "मोठी रबरी चाकं? एक बी न्हाई. समदी पाण्याच्या ड्रमाखाली गेली."

रिकाम्या हातानं परतलो. गयाबाई घरी गेल्या आणि आपला पाण्याच्या ड्रमचा गाडा ओढत आल्या. त्याच्या ड्रमपुरत्या गोल रिंगेत कॅन बसत नव्हते, पण चाकं मोठी होती.

"काढा ही."

"आणि तुमचं पाणी?"

"डोकं हाय की. दूध समद्यांचं हाय."

भोकं जुळेनात. पट्ट्या ठोकून, तारेनं आवळून भागवलं. लिंबं पहिल्याच धक्क्याला फुटली. डेअरीची गाडी आली तेव्हा सगळे कॅन रस्त्यावर उभे होते. बायका हसत होत्या. गयाबाई मात्र डोक्यावर घागर घेऊन विहिरीकडं निघाल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

पुण्यात उतरल्या उतरल्या मोठी चाकं पाठवली, गयाबाईंची त्यांच्या ड्रमला परत मिळावीत म्हणून. हल्ली कुणी चाकं मागितली, की वजनाच्या आधी वाट विचारतो, आणि तीही दारापुढची.

पार्सल पोचल्यावर गयाबाईंचा फोन आला.

"लिंबू फुटलं का?" मी विचारलं.

"फुटलं की. आज डोक्यावर पदर सोडून काईच न्हाई, दादा."