धुक्यातली पलटण

सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातली कपड्यांची दोरीसुद्धा दिसत नव्हती. दातवालीने दिवा लावला आणि कवळीच्या साच्यात प्लास्टर ओतायला घेतलं. दवाखान्यांसाठी कवळ्या करून देणं हा तिचा धंदा, आणि बोटाएवढे सैनिक रंगवणं हा तिचा जीव की प्राण. वर्षभर डोळे फोडून रंगवलेली पलटण आज पहिल्यांदाच प्रदर्शनात जाणार होती.

हल्ली धाकट्या भावालाही ही हौस लागली होती. तिने त्याला सगळं नीट सांगितलं होतं: रंग दुधासारखा पातळ कर, एक थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस, आणि दमट हवेत वार्निश अजिबात फवारायचं नाही. ऐकताना तो फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता.

तोच आता अंगणातून तिचा ट्रे घेऊन आला.

"ताई, तुझं काम हलकं केलं बघ. सगळ्यांवर वार्निश मारून टाकलं."

सैनिकांवर पांढुरकी साय धरली होती. डोळे, बटणं, पट्टे, सगळं त्या सायीखाली बुजलं होतं.

"धुक्यातली लढाई वाटते की नाही?" तो हसला.

"तुझ्या सैनिकांवर का नाही रे मारलंस आधी?"

"वा! आणि माझे बिघडले असते म्हणजे?"

आतून आई ओरडली, "अगं, मदतच केली ना त्याने? खेळण्यांपायी भावाला काय बोलतेस?"

दातवालीने ट्रे टेबलाखाली सरकवला आणि प्लास्टरचं भांडं वाळायच्या आत घासायला घेतलं.