चिलखतवाले टेंगने

वरठीला स्टेशनामागच्या भाड्याच्या खोलीत मी आणि बाबा दोघंच राहत होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झाले होते. मी आंधळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. सकाळी एसटीने जायचे, संध्याकाळी परत. दिवसभर बाबा घरात एकटे. मी आले की विचारायचे, "जेवली का?" आणि त्यानंतर रात्रीपर्यंत काही बोलायचे नाहीत.

शेजारच्या खोलीत मालधक्क्यावरचा एक बंगाली क्लार्क राहायचा. ऐंशी सालाच्या आगेमागे कधीतरी त्याची बदली झाली. सामान बांधताना त्यानं लोखंडी चौकटीची एक काचेची पेटी आमच्या दारात आणून ठेवली. आत वाळू होती आणि चार मासे. प्रत्येक मासा बोटाच्या दोन पेरांएवढा. रंग राखाडी, त्यावर काळे ठिपके, तोंडाला मिशा, आणि दोन्ही बाजूंना कौलं रचल्यासारख्या कडक पट्ट्या. कलकत्त्याहून आणलेत, मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतले, असं त्यानं सांगितलं. "इनको ज़्यादा कुछ नहीं लगता," म्हणाला आणि गेला.

बाबा पेटीपुढे उकिडवे बसले. पुष्कळ वेळ बघून म्हणाले, "हा टेंगनाच होय वो बाई. पर याले चिलखत कोनं घातलं?"

बाबांचं लहानपण नाकाडोंगरीकडच्या एका खेड्यात गेलं. तिथल्या नाल्यात दगडाखाली हात घालून ते टेंगने, म्हणजे मिशांचे काटेरी मासे, पकडायचे. टेंगन्याचा काटा घुसल्याची खूण त्यांच्या अंगठ्यावर होती. ती त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून मासे त्यांचेच झाले. मोरीमागची ओली माती उकरून ते गांडुळं काढायचे आणि जुन्या ब्लेडनं बारीक चिरून घालायचे. मासे मिशांनी वाळू चाचपत फिरायचे आणि गांडूळ सापडलं की डोकं वाळूत खुपसायचे. संध्याकाळी मी आले की बाबा सांगायचे, आज यानं जास्त खाल्लं, तो लहानगा बसूनच राहिला. "जेवली का?" हे विचारायचं कधीकधी विसरूनसुद्धा जायचे.

एकदा मी पाहिलं, मासे एकेक करून सरळ वर धावत होते, पाण्याबाहेर तोंड काढत होते आणि पुन्हा खाली जात होते. मी घाबरले. पुस्तकात वाचलेलं आठवलं.

"बाबा, पाण्यातला प्राणवायू संपला. मरून राहिले ते. पाणी बदलवा."

"मरून नाई राहिले," बाबा म्हणाले. "म्या आठ दिवस झाले पायतो. पानी ताजं असलं तरी वरते येतेत. एक घोट हवा घेतेत अन् जातेत. यायची रीतच तशी हाय."

मी ऐकलं नाही. बादलीभर पाणी बदललं. पाच मिनिटांनी त्यातला एक वर आला, घोट घेऊन खाली गेला. बाबांनी रिकामी बादली उचलून मोरीत ठेवली.

शाळेत मी या माशांबद्दल फुशारकीनं सांगितलं. हेडमास्तरांनी ते मनात धरलं. तपासणी जवळ आली होती आणि प्रयोगशाळेच्या कपाटात एक साप आणि दोन बेडूक सोडले तर काही नव्हतं. ते म्हणाले, "बाई, एक मासा आणा. फॉर्मलिनच्या बाटलीत घालून ठेवू. जिल्ह्यात कोणाकडे नसेल असला नमुना." मी हो म्हणून बसले. नवी नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते लसूण सोलत होते. हात थांबला.

"ज्याले रोज चारलं त्याले बाटलीत भरशीन?"

मला राग आला. "तुमी तर जलमभर टेंगने खाल्ले."

"खाल्ले ना. भूक होती म्हनून खाल्ले." एवढं बोलून ते लसूण सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर बाबा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून दारात उभे. हातात कडीचा डबा.

"चल. पोरायले जित्ते दाखवू."

डब्यात चारी मासे होते. त्यांनी ते आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं धरले होते. एकाचा काटा कापडात अडकला, तेव्हा त्यांनी मासा ओढला नव्हता. कापडच कात्रीनं कापलं होतं. तेवढी चिंधी अजून माशाला चिकटून होती.

एसटीत बाबांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला. रस्ता खराब, पाणी हिंदकळून धोतर भिजलं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बुवा डब्यात?" बाबा म्हणाले, "आमच्या मास्तरीनबाईचा अभ्यास."

वर्गाच्या दाराशी ते थबकले. मी म्हटलं, आत या. त्यांनी चपला काढल्या. मी सांगितलं, इथं चपला चालतात. तरी त्यांनी त्या बाहेरच ठेवल्या. लहानपणी शाळेत ते दोन महिने गेले होते आणि ते दोन्ही महिने व्हरांड्यात बसून. ही गोष्ट मला माहीत होती, पण त्या क्षणापर्यंत ती मी कधी डोळ्यांपुढे आणून पाहिली नव्हती.

मासे एका परातीत सोडले, तशी मुलांनी भोवती गर्दी केली. मी फळ्यावर आकृती काढून मिशा, पर, पट्ट्या दाखवल्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, हा वर काहून गेला?"

मी म्हटलं, "बाबांना विचार."

बाबांनी घसा साफ केला आणि झाडीबोलीतच सांगायला लागले. नाला आटला की थोड्या पाण्यात मासा कसा राहतो, कोणता मासा वरून हवा घेतो, काटा कसा ताठ करतो, टेंगना धरायचा तर बोटं कुठं ठेवायची. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले होते. बाटलीचा विषय त्यांनी काढला नाही. बाबांसाठी चहा मात्र मागवला, आणि ऑफिसात आपल्या समोरच्या खुर्चीवर बसवून पाजला.

तपासनीस साहेब आले, त्यांनी हजेरीपट पाहिले आणि प्रयोगशाळेत न डोकावताच गेले.

त्या थंडीत एक मासा मेला. बाबांनी तो पळसाच्या पानात ठेवून माझ्यापुढे धरला. "आता ने. आता त्याले काई कळत नाई." मी तो शाळेत नेला. बाटलीवर नाव काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून 'चिलखती टेंगना' असं लिहिलं.

उरलेले तिन्ही मासे आणखी चार वर्षं जगले. पुढं माझं लग्न झालं, मी भंडाऱ्याला गेले. बाबा वरठीतच राहिले. त्यांच्या पत्रांत, म्हणजे शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रांत, तब्येतीची एक ओळ असायची आणि माशांच्या पाच. शेवटचा मासा गेल्याचं मात्र त्यांनी कळवलं नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा पेटी कोरडी होती. बाबांनी तिच्यात कोथिंबीर लावली होती. त्यातलीच मूठभर खुडून त्यांनी वरणावर घातली आणि म्हणाले, "घे, जेव."